परीक्षेच्या सकाळी शेवाळाचं सूप

प्यो गुमरान बाई आमच्या शाळेत इंग्रजी शिकवतात आणि मी गणित. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं समोरासमोर आहेत. कधी मी त्यांच्यापुढे एखादं पर्सिमनचं फळ ठेवलं तर त्या ते हातात घेऊन उलटंपालटं करतात.

"कुठलं हे, कू सर?"

"घरच्या झाडाचं."

"कोणाच्या घरच्या?"

बाईंचा मूळचा स्वभावच तसा संशयी. त्यांचे वडील सांगजूच्या बाजारात धान्याचे व्यापारी होते. पोत्याच्या वरच्या तांदळावर विश्वास ठेवायचा नाही, हात कोपरापर्यंत आत घालायचा, हे बाईंनी लहानपणीच बघून घेतलं. लग्न ठरल्यावर त्या भांडीवाली बनून होणाऱ्या नवऱ्याच्या गल्लीत गेल्या आणि शेजारणींकडून त्याची सगळी माहिती काढून आल्या. नवरा हे अजून चारचौघांत हसत सांगतो. बाई हसत नाहीत. "दोन पातेलीपण खपली होती," एवढंच म्हणतात.

अशा बाईंच्या हाती अकरावीच्या मुलांच्या रोजनिशा. दर आठवड्याला मुलांनी इंग्रजीत एक पान लिहायचं आणि बाईंनी ते तपासायचं. हे गुण वर्षाच्या निकालात धरतात, निकाल विद्यापीठाच्या प्रवेशाला लागतो, म्हणून आईबापांचा जीव त्या पानांत अडकलेला. मागे गावातल्या एका शिकवणीवाल्यानं तयार पानं विकायला काढली होती. ती बाईंनीच पकडली, कारण तीन वेगवेगळ्या मुलांच्या आजोबांनी एकाच वाक्यात प्राण सोडला होता. तेव्हापासून बाई पान वाचत नाहीत, हुंगतात. त्यांच्या मते खऱ्या मुलाची रोजनिशी कंटाळवाणी असते. बस चुकली, झोप आली, बटाटे कच्चे होते. मावळत्या सूर्याकडे बघून कोणाला आयुष्याचा अर्थ कळला, की बाई लाल पेन खाली ठेवतात आणि चष्मा पुसतात.

त्या शरदात त्यांनी चष्मा पुसला तो मात्र अगदी कंटाळवाण्या पानांवर.

"कू सर, हे ऐका. दुसऱ्या तुकडीतला थाक हानग्योल लिहितो, रविवारी बॉयलर बंद पडला, थंड पाण्यानं केस धुतले. सातव्या तुकडीतली मेंग दाओन लिहिते, रविवारी बॉयलर बंद पडला, केस धुतलेच नाहीत."

"गावात बॉयलर काय एकच आहे?"

"त्याच्या मागच्या आठवड्यात दोघांकडे मासळी करपली. त्याच्या मागच्या आठवड्यात दोघांच्या घरात मांजर शिरलं. कुठेतरी पाणी मुरतंय."

मी म्हटलं, "प्रेमप्रकरण असेल. वयच तसं आहे."

"प्रेमात पडलेली मुलं चंद्राबद्दल लिहितात. बॉयलरबद्दल नाही."

बाईंनी पाळत ठेवायला सुरुवात केली. जेवणाच्या रांगेत, मैदानावर, जिन्यात. ती दोघं एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हती. एकदा समोरासमोर आली तर दाओन पायातली चप्पल नीट करायला खाली वाकली आणि हानग्योल भिंतीवरची सूचना वाचत उभा राहिला. ती सूचना गेल्या वर्षीची होती. बाई हे सांगताना अगदी खूश होत्या. "ओळख नसलेली माणसं एकमेकांना इतकी टाळत नाहीत, सर." मला हसू आलं, पण मीही त्या दिवसापासून जिन्यात जरा हळू चालायला लागलो, हे खरं.

मग सहामाही परीक्षा झाली आणि त्या आठवड्याची पानं आली. बाईंनी दोन वह्या माझ्या टेबलावर अक्षरशः आपटल्या.

दोघांनी लिहिलं होतं की परीक्षेच्या पहिल्या दिवशी आईचा वाढदिवस होता आणि सकाळी घरात सगळ्यांनी शेवाळाचं सूप प्यायलं.

आता आम्हा कोरियन माणसांना वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण परीक्षेच्या दिवशी? ते निसरडं सूप पिऊन पोरगं पेपरात घसरणार, म्हणून आमच्याकडे परीक्षेच्या आठवड्यात शेवाळ कपाटातून बाहेरही काढत नाहीत. उलट चिकट तांदळाची मिठाई चारतात, म्हणजे मूल पास होऊन चिकटून राहील. मी गणिताचा माणूस, या गोष्टी मानत नाही. पण माझ्या मुलीच्या परीक्षेला मीही सुपाचं नाव काढलं नव्हतं.

"हे यंत्राचं काम," बाई म्हणाल्या. "संगणकाला विचारलंय. त्याला एवढं माहीत आहे की आपण वाढदिवसाला हे सूप पितो. कधी पीत नाही, हे त्याला कोण सांगणार?"

मला पटलं. इतकं पटलं की मी त्यांना कॉफी करून दिली. त्यांनी ती वास घेऊन प्यायली.

दुपारी त्या हानग्योलच्या वर्गशिक्षकांना भेटून आल्या आणि त्यांचा चेहरा बदललेला होता. "कू सर, त्या मुलाला आई नाहीये. तो प्राथमिक शाळेत असतानाच गेली. मग वाढदिवस कोणाचा? यंत्र नाही, त्यानं त्या पोरीचं पान उतरवलंय. उतरवताना आईसुद्धा उतरवली."

प्रकरण साधं नव्हतं. सोमवारी गुण समिती बसणार होती. तिथे नावं गेली की दोघांच्या रोजनिशीला भोपळा, आणि निकालपत्रात तसा शेरा. हानग्योलला शिक्षक व्हायचं होतं. अध्यापन महाविद्यालयासाठी शाळा ज्या मुलाची शिफारस करणार होती, तो तोच होता. शेरा पडला की शिफारस गेली.

बाईंनी दोघांना वेगवेगळं बोलावलं. आधी हानग्योल आला. उंच, खांदे पाडून चालणारा मुलगा. कमरेत वाकून नमस्कार केला आणि उभा राहिला.

"घरी कोण कोण असतं रे?"

"बाबा."

"आणखी?"

तो ताकाला तूर लागू देईना.

"सूप कोणी केलं होतं?"

"मी."

"तू? परीक्षेच्या दिवशी? कशाला?"

"वाढदिवस होता म्हणून."

"कोणाचा, हानग्योल?" बाईंचा आवाज इथे जरा मऊ झाला होता, हे मला मान्य करायला हवं.

त्याचे कान लाल झाले. टेबलावरच्या पेनांकडे बघत तो म्हणाला, "बाई, मला शून्य द्या. तिला नका देऊ. तिनं काही केलेलं नाही."

"कोणाला? मी कोणाचं नाव घेतलं का?"

त्यानं ओठ चावला आणि परत वाकून निघून गेला.

दाओन आली ती जिभेला धार लावूनच. "बाई, आमच्या घरात सूप झालं, ते मी लिहिलं. सुपालासुद्धा तुमची परवानगी लागते का?"

"जपून बोल. कोणी केलं होतं?"

"पातेल्यानं."

"दाओन!"

तिनं मान खाली घातली. "भोपळा द्यायचाच असेल तर मला द्या ना. मला कुठे मास्तर व्हायचंय? मी बेकरीत काम करीन. त्याचं नुकसान नका करू."

"मुलं एका गुणासाठी माझ्या पाया पडतात," ती गेल्यावर बाई म्हणाल्या. "आणि ही दोघं भोपळा मागून घेतायत. सर, शनिवारी गाडी आहे का तुमची?"

गाडी होती. शनिवारी दोन्ही मुलं शाळेत अभ्यासिकेला बसतात, हे बाईंनी आधी बघून ठेवलं होतं. वाटेत रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून त्यांनी फळांच्या रसाच्या बाटल्यांचा खोका घेतला, बाटल्यांवरची तारीख वाचून. दाओनचं घर गावाबाहेर, पर्सिमनच्या बागांना लागून. पडवीत सोललेली फळं दोऱ्यांना टांगून वाळत घातलेली, आणि अंगणातल्या तारेवर धुतलेले कपडे. त्यात शाळेचं एक खेळाचं जाकीट होतं. मोठ्या मापाचं. बाईंनी माझा हात दाबला. छातीवर शिवलेलं नाव मीही वाचलं, थाक हानग्योल.

"बघा," बाई कुजबुजल्या. "म्हटलं नव्हतं?"

पण त्या आवाजात नेहमीची खुशी नव्हती. माझ्याही मनात नको नको ते येऊन गेलं. मुलं, एक घर, धुतलेले कपडे.

तेवढ्यात दाओनची आई बाहेर आली. हातात सोलायची सुरी, एप्रनवर फळांचे डाग. बाईंना ओळखल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. तिनं तारेकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि सुरी खाली ठेवली.

"कळलंच तर शाळेला," ती म्हणाली. "या, बसा."

सांगायला फार नव्हतं. तिचा नवरा वारला त्याला बरीच वर्षं झाली होती. हानग्योलचे बाबा तिच्याकडे बागेचा माल न्यायला यायचे. वसंतापासून ती दोघं आणि दोन्ही मुलं या घरात एकत्र राहत होती. लग्नाची नोंद मुलांची विद्यापीठाची परीक्षा उरकल्यावर करायची असं ठरलं होतं, उगाच शाळेत कोणी चिडवायला नको म्हणून. शाळेत एकमेकांना ओळख द्यायची नाही, हे मुलांनी आपणच ठरवलं होतं.

"दाओन नको तितकी बोलते, आणि हा अजिबात बोलत नाही," ती म्हणाली. "मला काकू म्हणतो. 'काकू, जेवलो.' 'काकू, येतो.' बस्स. मी म्हणते, असू दे, त्याची आई होती, मी कोण?"

"आणि सूप?" बाईंनी विचारलंच.

"अहो, काय सांगू! वाढदिवस कोणाला सांगितलाच नव्हता मी. मुलांची परीक्षा, म्हटलं यंदा राहू दे. सकाळी उठून बघते तर हा चुलीपुढे उभा. पातेलं उकळतंय. मी ओरडलेच, 'अरे टाकून दे ते, पेपर आहे ना!' तर म्हणतो, 'काकू, तुमच्यासाठी कोण करणार मग?' वाटीत वाढलं आणि माझ्याआधी स्वतःच प्यायला. म्हणतो, 'घसरलो तर घसरलो.' मग दाओनही प्यायली, रडत रडत, शिव्या देत."

तिनं बोटांनी डोळे पुसले. मग जरा घाबरत म्हणाली, "मला इंग्रजी येत नाही, बाई. काही वाईट लिहिलंय का त्यानं? माझ्याबद्दल?"

प्यो बाईंनी पिशवीतून वही काढली. पान उघडलं. आत्तापर्यंत तेच पान त्या माझ्यासमोर पुरावा म्हणून नाचवत होत्या.

"त्यानं लिहिलंय," बाई म्हणाल्या, "आज माझ्या आईचा वाढदिवस होता."

दाओनच्या आईनं वही हातात घेतली. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. "कुठे? कुठे लिहिलंय?" बाईंनी शब्दावर बोट ठेवलं. तिनं हात पुसला आणि आपलं बोट त्याच्या शेजारी ठेवलं. मी बाहेर जाऊन जोडे घातले. मला तिथे थांबवेना.

निघताना ती फाटकापर्यंत आली. "मला कळलंय हे त्याला सांगू नका हं. लाजेल. मग वहीतही लिहिणार नाही."

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या.

गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. "मी त्या पोराला म्हणाले, कोणाचा वाढदिवस," त्या म्हणाल्या. "असं विचारतात का कोणी?" विचारायला हवं होतं असंच मलाही तेव्हा वाटलं होतं.

सोमवारी समितीपुढे नावं गेली नाहीत. संध्याकाळच्या अभ्यासाआधी हानग्योल शिक्षकांच्या खोलीत आला. वाकला. वही घेतली. गुण बघितले, आणि गेला नाही.

"बाई, शून्य का नाही दिलं?"

"अरे, गुण मिळाले तर तक्रार?"

"तुम्ही सहजासहजी कोणाला सोडत नाही." त्याच्या कपाळावर आठी होती. तो बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होता. "तुम्ही घरी गेला होतात. रसाचा खोका आहे आमच्याकडे."

"खोके काय, कोणीही देतं."

"आईनं सांगितलं ना तुम्हाला सगळं?"

माझं पेन थांबलं. बोलून गेल्यावर त्याच्याही लक्षात आलं. मान, कान, कपाळ, सगळं लाल झालं. त्यानं वही छातीशी धरली आणि दाराकडे बघितलं.

प्यो बाई धडधडीत खोटं बोलल्या. "मला कोणी काही सांगितलेलं नाही. खोका कुठून आला ते घरी जाऊन तिलाच विचार."

"काय विचारू?"

"आत्ता मला विचारलंस ना, तसंच. त्याच शब्दानं सुरुवात कर."