पंखा पाचवर, गुड्डी कोपऱ्यात

घरातली वस्तू धड चालत असली तर तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या अमरावतीच्या घरात फ्रिज आहे, मिक्सर आहे, त्यांचा एकही किस्सा नाही. मधल्या खोलीतल्या पंख्याचे मात्र एवढे जमलेत की पाहुणे आले की चहाच्या आधी तेच निघतात.

बाळंतपणाला मी माहेरी, अकोल्याला होते. तीन महिन्यांची गुड्डी घेऊन परत आले तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. मधल्या खोलीत गोधडी टाकली, गुड्डीला निजवलं, पंखा लावला. तर तो दांड्यासकट डुलायला लागला. मी गुड्डीला उचललं आणि थेट कोपरा गाठला.

सासरे हसले. त्यांना मी मामाजी म्हणते. मामाजी बाजारात भाजीचं दुकान लावतात, त्यांना कशाचंच भेव नाही. म्हणाले, "तो पंखा तुह्या लग्नाच्या आधीपासून हालून राहिला, पोरी. पडाचा असता तं कवाच पडला असता."

"पण मामाजी, तवा त्याच्याखाली गुड्डी नव्हती."

कोपऱ्यात वारा पोचत नाही. चार दिवसांत तिच्या गळ्याला घामोळ्या आल्या. आता पंख्याखाली ठेवावं तर माझा जीव वर टांगलेला, कोपऱ्यात ठेवावं तर पोरगी रडून लाल.

* * *

आधी आमच्या ह्यांनी मनावर घेतलं. पलंगावर स्टूल, स्टुलावर हे, आणि खाली स्टूल धरून मी. अर्धा तास स्क्रू काढले, पुसले, लावले. खाली उतरले तर मुठीत एक स्क्रू.

"हा कुठचा?" मी विचारलं.

"जास्तीचा व्हता."

"अहो, पंख्याले जास्तीचा स्क्रू कसा असन?"

"कंपनीवाले देतेत एखादा."

पंखा लावला. आधी नुसता डुलायचा, आता आवाजही करायला लागला. तो स्क्रू मी टिकल्यांच्या डबीत ठेवून दिला.

* * *

त्याच आठवड्यात सासूबाईंचे भाऊ चांदूर बाजारहून आले. दुपारी जेवणं झाली, सगळे खाली आडवे झाले. सासूबाई भिंतीला लागून, मामाजी दुसऱ्या भिंतीला, हे दारात, मी आणि गुड्डी कोपऱ्यात. मधे एकटे चांदूरचे मामा, पंख्याच्या बरोबर खाली, हातपाय पसरून.

उठल्यावर म्हणाले, "तुमच्या घरी पावण्याले लय मान हाय बाप्पा. सारी हवा मलेच देल्ली."

सासूबाईंनी त्यांच्या चहात साखर जरा जास्त घातली.

* * *

मी मामाजींना म्हटलं, छताचा हूकच कच्चा असला तर? ते त्यांना लागलं. त्यांनी पंखा उतरवला आणि त्या हुकाला कांद्याचं पोतं टांगलं. पूर्ण दिवस. शेजारच्या काकू डोकावल्या, "हे काय व?" सासूबाई म्हणाल्या, "कांदे हवेशीर राह्यतात."

पोतं काही पडलं नाही. मामाजी म्हणाले, "पन्नास किलो धरलं त्यानं. पंखा कितीक किलोचा?"

"पण मामाजी, कांदे गरगर फिरत नाहीत."

"फिरत नाही? घे, फिरोतो." आणि त्यांनी पोत्याला हाताने चांगले वीसेक पीळ देऊन सोडून दिलं. पोतं जे सुटलं ते आधी एका बाजूनं, मग उलट्या बाजूनं. सासूबाई मधातून चालल्या होत्या, त्या भिंतीला चिकटल्या. तिथूनच म्हणाल्या, "याचा रेग्युलेटर कुठीसा हाय?"

* * *

मग मामाजींना पासंग आठवला. तराजूचं एक पारडं हलकं असलं की त्याला खडा बांधून दोन्ही सारखी करतात, तो पासंग. म्हणाले, "एक पातं हलकं हाय, म्हणून डुलते." पंखा परत लावला आणि त्या पात्यावर सेलोटेपनं लसणाच्या दोन पाकळ्या चिकटवल्या.

खोटं कशाला बोलू, पंखा थांबला डुलायचा. मी गोधडी उचललीसुद्धा. दोन मिनिटांनी टप्प आवाज झाला. एक पाकळी खिडकीतून गेली आणि दुसरी जेवायला बसलेल्या ह्यांच्या ताटात. ह्यांनी घास घेतला, थोडं चावलं आणि मला म्हणाले, "आज वरणात कच्चाच लसूण टाकला का?"

* * *

शेवटी मी अकोल्याला फोन लावला. माझा लहान भाऊ संदीप लाइट फिटिंगची कामं करतो. व्हिडिओ कॉल केला. तो म्हणे पंख्याखाली उभी राहून दाखव. मी दारात उभी राहून हात लांब केला.

"ताई, मले दाराची चौकट दिसून राहिली."

"मंग तेवढ्यावरून सांग."

रविवारी तो स्वतःच बसनं आला. वर चढला, हुकाजवळचं झिजलेलं रबर बदललं आणि विचारलं, "एका पात्याचा स्क्रू कुठी गेला, ताई?" मी टिकल्यांची डबी आणून दिली. हे लगेच पाणी प्यायला आत गेले.

पंखा लावला. एक, दोन, तीन, चार, पाच. दांडा सरळ, आवाज नाही. सगळे माझ्याकडं पाहायला लागले.

मी म्हटलं, "आधी कोणीतरी मोठ्या माणसानं झोपून दाखवा. मंगच गुड्डी."

ह्यांना एकदम बाजारात काम निघालं. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले. संदीप म्हणाला माझी बस आहे.

मामाजी म्हणाले, "तुमी सारे भेकड हा. मी झोपतो. तू चहा ठेव, पोरी."

चहा उकळेस्तोवर दहा मिनिटं गेली. मधल्या खोलीतून काहीच आवाज नाही. म्हटलं, लागली वाटतं झोप. एका काखेत गुड्डी, दुसऱ्या हातात तिची गोधडी घेऊन मी दारात आले.

पंखा पाचवर. मामाजी बरोबर मधोमध, उताणे, अगदी सरळ. आणि डोक्यावरून गळ्यापर्यंत भाजीचं लोखंडी घमेलं पालथं घातलेलं.

"मामाजी, हे काय?"

घमेल्याच्या आतून घुमत आवाज आला, "माशा लय झाल्या व, पोरी."