शेंदूर लावलेला रूळ

माझी आई हट्टी आहे. हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि ती ते कौतुक समजते. यंदाच्या दसऱ्याला मात्र तिच्या हट्टापायी आमच्या घरांची सगळी ओळ अडचणीत आली, आणि मला अजून कळत नाही की तिच्यावर रागवावं की तिच्या पाया पडावं.

आमचं घर पुलगावात, बंद पडलेल्या कापडगिरणीच्या मागे. दारासमोरून आर्वीला जाणारी छोटी गाडी धावायची. बाबा त्या लाइनीवर रुळांची देखभाल करणारे गँगमन, आई गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात. आधी गिरणीचा भोंगा थांबला, पुढे गाडीही थांबली. मधल्या काळात बाबा गेले.

दसऱ्याला बाबा हातोडा आणि पाना पुजायचे, मग अंगणापुढचा हातभर रूळ धुऊन त्याला शेंदूर लावायचे, वर झेंडूची फुलं ठेवायचे. ओळीतले सगळे गँगमन आपापल्या दारासमोर तसंच करायचे. सकाळची गाडी ती फुलं चिरडत गेली की वर्ष चांगलं जाणार, अशी सगळ्यांची समजूत. गाडी बंद झाली तरी आईनं पूजा सोडली नाही. चिरडायला कोणी येत नसल्यामुळे फुलं तिथेच सुकायची.

बाकीचे रूळ हळूहळू नाहीसे झाले. काही मातीखाली गेले, काही भंगारात. गाडी काही परत येत नाही, असं धरून लोकांनी अंगणं पुढे सरकवली. कोणी न्हाणी बांधली, कोणी स्वयंपाकघर. आम्हीही पत्र्याची पडवी काढली, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. त्या पडवीत आमचा रुळाचा तुकडा तेवढा उघडा राहिला. शेंदूर लावलेल्या लोखंडाला हात घालायची छाती एकाही भंगारचोराला झाली नाही.

आता छोट्या लाइनीच्या जागी मोठ्या लाइनीची मोजणी सुरू झाली. जुनी लाइन नेमकी कुठून जायची, हे विचारत माणसं गावात फिरू लागली. घरं वाचवायला ओळीतल्या लोकांनी एकमतानं ठरवून टाकलं, की गाडी नाल्याच्या पलीकडून जायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या माझ्या घरून आईकडे पोचले तर पडवीत बैठकच बसलेली. शेजारचे काका, बाबांबरोबर काम केलेले, आईला समजावत होते की वहिनी, त्या रुळावर सिमेंट टाकू, तासाभराचं काम. आईनं साफ नकार दिला. पुजलेल्या वस्तूला गाडायचं नसतं, एवढंच तिचं म्हणणं.

मी काकांच्याच बाजूची होते. खोटं बोलू नकोस, नुसती गप्प बस, अशी मी तिची रात्रभर मनधरणी केली. शेवटी रुळावर घमेलं पालथं घालायचं, यावर तडजोड झाली. दसऱ्याला मी उठायच्या आत तिनं घमेलं उचलून पूजा उरकली आणि ते पुन्हा जागेवर ठेवलं, हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाले आले. त्यांच्यातला एक तरुण मुलगा पाणी प्यायला आमच्या पडवीत टेकला. त्यानं अगदी अदबीनं विचारलं की आजी, छोटी गाडी कुठून जायची? काकांनी लगेच नाल्याकडे बोट केलं. आई घमेल्याकडे बघत होती. मग ती वाकली आणि तिनं घमेलं बाजूला केलं. खाली ताजा शेंदूर, कालची फुलं.

"इथूनच जात होती बापा," ती म्हणाली. "याच्यानं माहे लेकरं वाढले. याले नाई कसं म्हणू मी?"

त्या तुकड्यावरून त्यांनी दोऱ्या ताणल्या. भिंतींवर पाडकामाच्या लाल फुल्या पडल्या, सगळ्यांत आधी आमच्या. काका वळून सरळ घरी गेले, तेच मला जास्त लागलं. मी मात्र आईला वाट्टेल ते बोलले. तुला निदान माझं घर आहे, त्यांनी कुठे जायचं, असं विचारलं. ती रडायला लागली, मग मीही.

संध्याकाळी मी तिचं सामान बांधायला घेतलं, तेव्हा ती रुळाशी बसली होती. सुकलेली फुलं वेचता वेचता म्हणाली, "त्या पोराले एक विचारजो. नव्या लाइनीवर दसऱ्याले हात लावू देतीन का?"

नव्या लाइनींना दोन्हीकडून कुंपण घालतात. वर्ध्याला मी ते रोज बघते.

"देतील," मी म्हणाले.

जे खोटं तिला घर जाताना दिसत असूनही जमलं नाही, ते मी एका शब्दात बोलून गेले. आणि तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.