नवस बायचा, तोंड भावोजींचं

आमची थोरली बाय कोणालाच भीत नसे, पण डॉक्टरला "मला त्रास होतो" असं सांगायची तिला भारी लाज वाटे. तिच्या या एका लाजेनं आम्हा सगळ्यांना पुरतं नाचवलं.

थोरली बाय म्हणजे माझी मोठी जाऊ. भांडुपला टेकडीच्या बाजूच्या चाळीत आमच्या दोन खोल्या शेजारीशेजारी होत्या. एकीत ती आणि थोरले भावोजी, दुसरीत मी आणि आमचे हे. स्वयंपाक एकत्र. मी मुळात बोलायला भित्री. नळावर कोणी माझी कळशी मागे सारली तरी मी गप्प उभी राहायची. मग घरातून बायचा आवाज यायचा, "कोण गो ती? त्या मुक्या जनावराची कळशी कोणी सारली?" कळशी पुन्हा पुढे यायची. मला मात्र नळावर सगळ्या 'मुकं जनावर'च म्हणू लागल्या.

तिची खरी मजा कोळीण दारात आली की बघावी. बाय पाट घेऊन ऐसपैस बसायची, एकेका माशाचा कल्ला उघडून बघायची आणि तोंड वाकडं करायची. "हो मासो परवा मेलो. तू आज ह्याची किंमत सांगतंस?" कोळीणही काही कमी नव्हती. "बाय, तुला तो खावाचा हाय, का त्याचं बारावं घालाचं हाय?" दोघी मनसोक्त भांडायच्या. शेवटी बाय तोच मासा घ्यायची आणि कोळणीला चहा द्यायची. माशाशिवाय तिचं जेवण होत नसे. सोमवार-गुरुवार ती कशीबशी पाळायची, पण ते दोन दिवस आम्ही सगळे तिच्यापासून जरा लांबच राहायचो.

अशा बायच्या गळ्याला गाठ आली. आधी सुपारीएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. ती लेप लावून झाकायची. अंगात बारीक ताप राहायला लागला तेव्हा भावोजींनी तिला खाली मुंबईला मोठ्या इस्पितळात नेलं. गाठीचा तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर निघाला. त्या काळी तो शब्द चाळीत कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. बायनंच उच्चारला. कोणी विचारलं की ती सांगायची, "माका कॅन्सर झालो हा. तू बाजूक हो, माका नळार जावचा आसा."

त्यावर शिरेतून द्यायची सुई नवीनच निघाली होती. काही दिवस लागोपाठ सुई, मग काही आठवडे मोकळे, मग रक्त तपासून पुन्हा सुई, असा तो क्रम होता. भावोजींना कारखान्यातून नेहमी सुटी मिळत नसे, म्हणून बायबरोबर मी जायची. बोलायचं ती बोलेल, मी नुसती पिशवी धरायची, असं ठरलं होतं.

सुई टोचून बाहेर पडलं की थोड्याच वेळात तिला ओकारी सुरू व्हायची. आणि ती साधी नव्हे. परतताना स्टेशनच्या नळाशी ती वाकून बसायची आणि मी पाठ चोळायची. पोटात काही उरलं नसलं तरी कळा थांबत नसत. मग ती तोंड धुवायची, कुंकू ठीक करायची आणि मला दरडावायची, "बघतंस काय? चल." घरी आल्यावर दिवसभर तेच. पेजेचं पाणीही टिकत नसे. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरसमोर बसली की हीच बाय गरीब गाय व्हायची.

"काही त्रास?" डॉक्टर विचारायचे. पातळ अंगाचे, पातळ आवाजाचे गृहस्थ होते ते.

"नाय ओ डॉक्टर. कसलो त्रास? काय्येक नाय. तुमच्या हाताक गुण आसा."

मी बाहेर आल्यावर विचारलं, "बाय, असं का सांगितलंत?" तर म्हणाली, "कोणाकडे जेवलंव आणि बाधला, तर त्याच्या दारात जावन सांगूचा? तो बिचारो एवढ्या मायेन टोचता. त्याका वाईट नाय वाटाचा?"

आमच्या गावाकडे ही रीतच आहे. ज्यानं घास दिला त्याच्या घासाला नाव ठेवायचं नाही. बाय जन्मभर सगळ्या जगाला नावं ठेवत आली, पण पाहुणचाराला कधी नाही. आणि डॉक्टरची सुई तिनं पाहुणचारात धरली होती.

त्यात भावोजींनी भर घातली. ते मधेच गावी जाऊन आले आणि देवळात नवस बोलून आले. बायच्या गळ्याची गाठ जाईपर्यंत बाय मासा खाणार नाही!

हे ऐकल्यावर बायचा जो आवाज लागला तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. "मासे सोडूचे होते तर स्वतः सोडूचे होते! माझा तोंड कित्याक बांधलास?"

भावोजी शांतपणे म्हणाले, "अगो, देवाक आवडीची वस्तू देवची लागता. ह्या घरात मासे सगळ्यात जास्त तुकाच आवडतत."

नवस बोललेला, तो मोडायचा कसा? बाय पेज आणि लोणच्यावर आली. ओकारीनं आधीच अन्न ठरत नव्हतं, आता जे एक खावंसं वाटलं असतं तेही बंद. नळावर तिचा आवाज येईनासा झाला. माझी कळशी मागे राहू लागली. तेव्हा मला खरी भीती वाटली.

पुढच्या सुईच्या आधी एके दिवशी बाय मला म्हणाली, "ह्या खेपेक जावन येतंय. मगे बस झाला. मरूचाच आसा तर पोट धरून कित्याक मरू?" पण हात लावून पाहिला होता मी तिच्या गळ्याला, वेणी घालताना. लिंबाची पुन्हा सुपारी झाली होती.

त्या खेपेला भावोजीही आले होते. डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, "रक्त फार उतरलंय. अशा रक्तात मला सुई देता येणार नाही. बाई, जेवता ना नीट?"

"सगळा जेवतंय, डॉक्टर."

"उलट्या वगैरे?"

"काय्येक नाय."

"खोटं," मी म्हणाले.

भावोजींसमोर मी तोवर कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नव्हता, मग तोंड उघडणं दूरच. खोलीत माझाच आवाज ऐकून मी दचकले. पण आता सुरू झालं होतं. "ती ओकते. सुई दिली की दिवसभर ओकते. काही खात नाही. मासे तर नवसानं बंद आहेत. आणि आजच्यानंतर ती येणार नाही म्हणते."

डॉक्टर आधी माझ्याकडे, मग बायकडे बघत राहिले. बाय पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती.

"अहो बाई," डॉक्टर म्हणाले, "गाठ निम्म्याच्या खाली आलीय. औषध लागू पडतंय तुम्हाला. सगळ्यांना पडत नाही. आणि तुम्ही आता पळून निघालात? ओकारी होते हे मला काय स्वप्नात दिसणार होतं?"

"तुमका वाईट वाटला असता," बाय पुटपुटली.

डॉक्टरांना हसू आवरेना. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी नीट समजावलं. औषध सोडलं तर गाठ पुन्हा वर येणार. म्हणून औषध सोडायचं नाही, त्याचा त्रास सांभाळायचा. रक्त भरेपर्यंत थोडं थांबू. पुढची सुई सकाळी नको, संध्याकाळी देऊ. बाईंनी रात्री इथेच राहायचं. त्याआधी दुपारी हलकं खायचं, मग ओकारी दाबायचं औषध आणि झोपेचं औषध देऊ, म्हणजे वाईट वेळ झोपेत जाईल. आणि मधल्या दिवसांत अंडी, मासे, जे पोटात टिकेल ते खायचं.

"मासो चलाचो नाय," बाय म्हणाली. "देवाक सांगितलेला आसा."

"मग देवाला पुन्हा सांगा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

बाहेर आल्यावर बाय माझ्यावर उलटली. "तुका वाचा फुटली ती नेमकी हयच? नळार कधी फुटली नाय ती!" पण परतीच्या वाटेवर तिनं माझ्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली. असं तिनं आधी कधी केलं नव्हतं.

देवाला पुन्हा सांगायचं काम धाकू आजांकडे आलं. ते आमच्याच गावचे, चाळीच्या टोकाला राहायचे आणि गाऱ्हाणं घालण्यात पटाईत. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून मोठ्यानं आपली बाजू मांडायची, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून साक्ष द्यायची. रविवारी सकाळी नारळ ठेवला. चाळीतले सगळे गाववाले जमले. भावोजी टोपी घालून अपराध्यासारखे पुढे उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा," धाकू आजांनी सुरुवात केली, "ह्या तुझ्या लेकरान आपल्या बायलेक न इचारता तिच्या तोंडार नवस घातल्यान."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज बायचा.

"ती त्याची चूक पदरात घे. आजपासून ता बंधन तिच्या तोंडावरसून उतरव आणि ह्याच्या तोंडार घाल. बायेच्या गळ्याची गाठ जाईपर्यंत हो तिचो घोव मासो खावचो नाय."

"व्हय म्हाराजा!"

"सुक्याचा पण सांगा!" बाय मधेच ओरडली. "नायतर हे सुक्या बांगड्यार उड्या मारतले."

"सुको मासोय खावचो नाय, म्हाराजा."

"आणि कोलंबी? उद्या म्हणतले, कोलंबी मासो नाय."

"कोलंबीय नाय, म्हाराजा."

"रसो पण!"

धाकू आजा थांबले. "अगो बाय, देव शाणो आसा. त्याका कळता." लोक हसायला लागले, पण "व्हय म्हाराजा" सगळ्यांनी म्हटलं. भावोजींनीही म्हटलं, जरा हळू.

दुसऱ्या दिवशी कोळीण आली तेव्हा बायनं कल्ला न उघडताच मासा घेतला. कोळीण घाबरली. "बाय, बरी हाय ना गं तू?"

तेव्हापासून बाय जेवायला लागली. आधी नुसतं माशाचं सार, दोन घोट, मग भातावर. भावोजी तिकडे पाठ करून डाळ-बटाटा खायचे. ती त्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "तुमच्या वाट्याचो मीच खातंय. औषध म्हणून." मात्र औषधानं तिच्या जिभेची चव गेली होती. प्रत्येक घासाला "मीठ कमी". मी मीठ वाढवत गेले. शेवटी ते सार तिच्याखेरीज कोणाच्या घशाखाली उतरेना, तेव्हा तिचं टोप वेगळं केलं. मग एके दुपारी तिनं पहिलाच घास थुंकला. "समुद्र ओतलंस काय गो ह्या सारात?" मी चुलीपाशी बसून हसत राहिले आणि डोळे पुसत राहिले. तिची चव परत आली होती.

रक्त भरलं. सुया संध्याकाळी सुरू झाल्या. पहिल्या सकाळी मी न्यायला गेले तर बाय खाटेवर बसून तक्रार करत होती, "सुई कधी देतले? मी वाट बघून झोपलंय!" सुई केव्हाच देऊन झाली होती. ओकारी अगदी गेली नाही, पण सोसण्याजोगी झाली. आणि डॉक्टरांना सांगायची मुभा मिळाल्यावर बायनं ती अशी वापरली की काही सोय राहिली नाही. एकदा ओकली की तीनदा सांगायची. पाठोपाठ पायाचं कुरूप, गावचा भाऊ आणि कोळणीचं वागणं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणायचे, "तुम्हीच सुरू केलंत हे." हाताची शीर सुयांनी काळी, दोरीसारखी कडक झाली होती. ती शीर ती चाळीत नव्या बिलवरांसारखी दाखवत फिरायची.

गाठ दिसेनाशी झाली. बाय भावोजींना म्हणाली, "खावा आता मासो." भावोजी डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, "गाठ गेली?"

"दबलीय," डॉक्टर म्हणाले. "छान दबलीय. पण येत राहा."

"गेली, असं म्हणा ना."

"तसं मला म्हणता यायचं नाही."

झालं. भावोजींनी मासा खाल्ला नाही. दर खेपेला ते तोच प्रश्न विचारायचे आणि डॉक्टर तेच उत्तर द्यायचे. बाय चिडायची, त्यांच्या ताटाशी तळलेला बांगडा नेऊन वास द्यायची. ते तोंड फिरवून म्हणायचे, "डॉक्टर 'गेली' म्हणू दे." अशी काही वर्षं गेली. चांगली वर्षं होती ती. नळावर माझी कळशी पुढे होती.

मग गाठ पुन्हा वर आली, आणि या खेपेला सुया लागू पडल्या नाहीत. डॉक्टरांनी तेही खरं सांगितलं. शेवटच्या दिवसांत बायनं मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "आयक. मी गेलंय की गाठ पण गेली. नवस फिटलो. ह्यांका मासो वाढ. तुकाच सांगूचा लागात, दुसऱ्या कोणाचा आयकाचे नाय."

सुतक संपल्यावर आमच्यात घरात पुन्हा मासे शिजवायचे असतात. त्या दिवशी कोळणीनं बांगडे दिले आणि एकही वाकडा शब्द बोलली नाही. मी भावोजींच्या पानात बांगडा वाढला. त्यांनी तो बाजूला सारला. घरात माणसं होती. मी पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "भावोजी, खा. बायनं सांगितलंय. ती गेली म्हणजे गाठही गेली. नवस फिटला."

भावोजी हळूच म्हणाले, "व्हय म्हाराजा," आणि बांगडा जवळ ओढला.