स्कूटरवरची मामी

आमची मामी वारून बरीच वर्षं झाली होती. त्यामुळे एका तिन्हीसांजेला ती माझ्या स्कूटरवर मागे बसून निर्मळच्या रस्त्याने चाललेली दिसली, तेव्हा गावातल्या लोकांना थोडं आश्चर्य वाटणं साहजिक होतं.

याला कारण माझ्या बायकोचा अभ्यास. सुलभा तुळिंजच्या एका प्रसूतिगृहात नर्स होती. डिप्लोमा झालेला, नोकरी चांगली. पण तिच्या मनाने घेतलं की आता नर्सिंगची पदवी घ्यायची. नोकरी सोडून कॉलेजात जाणं शक्य नव्हतं. त्या नव्वदीच्या दिवसांत घरी पोस्टाने पुस्तकं पाठवून शिकवणारा एक कोर्स निघाला होता, त्यात तिने नाव घातलं. काही रविवारी मुंबईच्या एका हॉस्पिटलात वर्ग, बाकी सगळा अभ्यास आमच्या स्वयंपाकघरात.

माझ्या आईला हे मुळीच पसंत नव्हतं. "नर्स आहेस ना? मग आणखी नर्स कशाला व्हायचंय?" हे एकच वाक्य ती भाजी चिरताना, फुलं खुडताना आणि वाटेल तेव्हा म्हणायची. सुलभा उत्तर देत नसे. ती पोळ्या लाटता लाटता धडे मोठ्याने पाठ करायची. मी पहिला घास तोंडात घालावा आणि पाठीमागून आवाज यावा, "नाडी मंद होते. हातपाय गार पडतात. ओठ निळे दिसू लागतात!" (त्या काळात माझं वजन बरंच उतरलं.)

प्रॅक्टिकलची परीक्षा जवळ आली, तशी वर्गावरच्या बाईंनी तिला सरावासाठी एक जुनी डमी घरी न्यायला दिली. डमी म्हणजे पुऱ्या बाईएवढी रबरी बाहुली. पिवळट कातडी, खांद्यापर्यंत केस आणि काचेचे डोळे. त्यातला एक डोळा पुरता मिटत नसे. अट एकच होती: नेली तशी धड परत आणायची, नाहीतर परीक्षेला बसायचं नाही. एका ओळखीच्या टेम्पोवाल्याने ती सोपाऱ्याच्या नाक्यावर आणून सोडली. सुलभा ड्युटीवर होती. पुढचं काम अर्थातच नवऱ्याचं!

मी डमीला मागच्या सीटवर बसवलं, आईच्या जुन्या लुगड्याने माझ्या कमरेशी बांधलं आणि लोकांनी बघू नये म्हणून तिच्या डोक्यावरून शाल घेतली. थंडीचे दिवस. केळींच्या वाड्यांवर धुकं उतरलेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. प्रत्येक खड्ड्याला तिची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकायची, आणि का कोण जाणे, ती माझ्या कानात काहीतरी सांगते आहे असं वाटायचं. मी स्कूटरचा वेग वाढवला. तशी तिने मला आणखी घट्ट धरलं!

देवळाच्या वळणावर शेजारचे नारायणकाका सायकलवरून समोर आले.

"काय रे दिन्या, मागे कोण?"

"डमी!" मी न थांबता ओरडलो.

"मामी? बरं बरं! नमस्कार हो मामी!"

मामींनी काही उत्तर दिलं नाही. मात्र पुढच्या खड्ड्याला त्यांनी मान पार मागे वळवून काकांकडे पाहिलं. सायकल बांधाला धडकल्याचा आवाज मला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कुंपणाशी उभे. कपाळाला टेंगूळ.

"दिन्या, तुझी मामी ती सांडोरचीच ना रे?"

"हो."

"ती गेली ना पण?"

"गेली की!" मी स्कूटरला किक मारत म्हणालो. ऑफिसला उशीर झाला होता. काकांचा चेहरा पांढरा का पडला, याचा विचार करायला वेळ नव्हता. त्या दिवसापासून मासे घेऊन येणारी कोळीण आमच्या फाटकाच्या आत येईनाशी झाली.

इथवर हसण्यासारखं होतं. खरा प्रकार पुढे सुरू झाला.

मागच्या खोलीतल्या खाटेवर सुलभाने डमीला उताणं निजवलं होतं. संध्याकाळी मी आलो तर ती भिंतीकडे तोंड करून निजलेली. म्हटलं, सुलभाने सराव केला असेल.

"मी आत्ता तर घरात पाऊल टाकलं," सुलभा म्हणाली. "तुम्हीच काहीतरी करता आणि मला घाबरवता."

दुसऱ्या दिवशी डमीचं तोंड दाराकडे. तिसऱ्या दिवशी तिच्या कपाळावर कुंकू! मग एकदा केसांत शेवंतीची वेणी. ताजी! मी वास घेऊन पाहिला. वास घेताना तो न मिटणारा डोळा माझ्यावर होता.

आणि मग ती संध्याकाळ. मी आलो तेव्हा वीज गेली होती. वाडीत वारा नाही, केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. ओटीवरचा झोपाळा मात्र हलत होता, अगदी मंद. त्यावर शाल पांघरून डमी बसली होती. शेजारी कपबशी. कपातला चहा अर्धा प्यालेला!

आई आतून दिवा घेऊन आली.

"आई, ही इथे कशी आली?"

"कोण?" आईने विचारलं. इतक्या शांतपणे, की मी उलट्या पावली अंगणात उतरलो.

शेवटी मी अर्धी रजा टाकली. ऐन दुपारी, कुणाला न कळवता, मागच्या वाटेने वाडीत शिरलो. भर दुपारची वाडी संध्याकाळपेक्षा वाईट. सगळीकडे लख्ख ऊन आणि कसलाच आवाज नाही. मागच्या खोलीच्या खिडकीखाली दबा धरून बसलो. आणि आतून आईचा आवाज आला.

"वहिनी, आता या कुशीवर हं. पाठ दुखत असेल. दुखते ना?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आईची वहिनी म्हणजे माझी मामी!

"बोलू नकोस. पडून राहा. मी आहे ना इथं?"

आत बघणं भाग होतं. मी उठायला आधार म्हणून खिडकीत हात घातला. हाताला काहीतरी लागलं, ते मी गच्च धरलं. गार होतं. बोटं होती त्याला! मी किंचाळून हात ओढला, आणि खांद्यापासून अख्खा हात माझ्याबरोबर बाहेर आला.

पुढचं मला नीट आठवत नाही. ज्यांनी पाहिलं ते सांगतात, की मी एका बाईचा हात छातीशी धरून "मामी! मामी!" असं ओरडत केळीतून पळत सुटलो. (हात टाकून द्यावा हे मला सुचलंच नाही.) कुंपणाशी नारायणकाका पानं कापत होते. त्यांनी मला पाहिलं, हात पाहिला, आणि कोयता टाकून तेही पळाले. माझ्याच दिशेने, कारण दुसरीकडे काटेरी कुंपण होतं! मला वाटलं, मामी पाठीशी लागली. मी आणखी जोरात धावलो, आणि थेट बावखलात जाऊन पडलो. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. वर शेवाळ, खाली चिखल.

"अरे पान्यात पडला! मानूस पान्यात पडला!" फाटकाबाहेरून कोळीण ओरडली. पाटी खाली ठेवून आधी तीच आली, आणि तिनेच मला कॉलर धरून काठावर ओढलं. पाय मुरगळला होता. हात गेला होता. म्हणजे डमीचा.

एवढ्यात आई धावत आली. आणि नेमकी त्याच वेळी सुलभा ड्युटी संपवून फाटकातून आत शिरली. समोर चिखलाने माखलेला नवरा, रामनाम जपणारे काका आणि खिडकीत एका हाताची डमी.

"हात कुठंय?" तिने पहिला प्रश्न विचारला. (माझा पाय कुठे आहे, हे नाही!)

"बुडाला," मी म्हणालो.

ती मटकन खाली बसली. दोन वर्षं रात्रपाळ्या करून, पोळ्या लाटून केलेला अभ्यास त्या हिरव्या पाण्यात गेला होता. माझी थट्टा करायला जमलेले लोकही पाण्यात डोकावून बघू लागले.

मग आई बोलली. "माझंच चुकलं. त्या बाहुलीला मीच हलवत होते."

"तुम्ही? का, आई?"

"तू धडा म्हणत होतीस ना, अंथरुणाला खिळलेल्याची कूस बदलली नाही तर पाठ सडते म्हणून? ते ऐकलं, आणि ही दिवसभर उताणी. बघवेना मला." आईने पदर तोंडाला लावला. "माझी वहिनी अशीच गेली गं. किती महिने उताणी पडून होती. पाठीची चाळण झाली होती. आम्ही पाणी पाजत होतो, देवाला नवस बोलत होतो. कूस बदलायची हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

सुलभाने आईचा हात हातात घेतला.

"आणि कुंकू, वेणी?" मी काठावरून विचारलं.

"घरात आलेली बाई भुंड्या कपाळाने ठेवायची?"

"चहा?"

"तो मी प्याले! बाहुली चहा पिते का रे?" आई माझ्यावर खेकसली, आणि मग डोळे पुसून नारायणकाकांकडे वळली. "भावजी, बांबू आणा. हात सापडल्याशिवाय आज कुणी घरी जायचं नाही. पोरीची परीक्षा आहे."

सगळे लागले कामाला. काकांनी बांबूने तळ ढवळला, कोळणीने ओळखीच्या दोन पोरांना जाळं घेऊन बोलावलं. मी काठावर पाय धरून सूचना देत होतो, त्या कुणी ऐकत नव्हतं. ऊन कलत आलं. आणि अचानक, कुणी काही न करता, शेवाळ बाजूला सारून पाचही बोटं पाण्याबाहेर आली. हळूच. जणू कुणीतरी खालून निरोप घेत होतं. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. आई मात्र गुडघाभर पाण्यात उतरली, तिने तो हात धरला, पदराने पुसला आणि सुलभाच्या ओटीत ठेवला.

"शीक," ती म्हणाली. "पुरतं शीक."

सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने काकांनी हात असा चिकटवला, की वर्गावरच्या बाईंच्या लक्षातही आलं नाही. सुलभा परीक्षेला बसली. तोंडी परीक्षेत तिला विचारलं, "पेशंटचा नातेवाईक अत्यंत घाबरट असेल, तर त्याला कसं हाताळाल?" बाकीच्या परीक्षार्थींनी पुस्तकातलं उत्तर दिलं. सुलभाने अनुभव सांगायला सुरुवात केली. परीक्षकबाई हसता हसता टेबलावर डोकं टेकून बसल्या, आणि त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले.

आज पदवीचा कागद आमच्या ओटीवर फ्रेममध्ये लावलेला आहे. त्यावर नाव तिचं असलं, तरी त्यातला एक प्रश्न संपूर्णपणे मी सोडवलेला आहे!