पापनाशमहून आणलेला तारा

लग्नानंतर पाचव्या महिन्यात आमच्या सुनेची आई गेली.

लग्न रजिस्टर कचेरीत झालं होतं. आमच्या तंजावूरच्या मराठी घरात ख्रिस्ती मुलगी पहिल्यांदाच येत होती, आणि मी काही फार मोठ्या मनाची नव्हते. विहिणीनं नंतर दोनदा जवळच्या पापनाशमला, त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. दोन्ही वेळा मी कारण काढलं. एकदा गुडघा, एकदा एकादशी. तिसऱ्यांदा बोलवायला ती उरली नाही.

डिसेंबर लागला तशी आमच्या गल्लीतल्या दोन-तीन घरांवर नाताळचे कागदी तारे लागले. मग मीच विचारलं, "तुमचा सण आला. काय काय करायचं असतं?"

"या वर्षी नको, अत्तै," ती तमिळमध्ये म्हणाली; सासूला त्यांच्यात अत्तै म्हणतात. "मरण झालेल्या घरात वर्षभर सण करत नाहीत. तुमच्यासारखंच आमच्यातही."

पण रोज बँकेतून आली की स्कूटर आत घेण्याआधी ती फाटकाशी थांबायची आणि समोरच्या घराचा तारा बघायची. एकदा मी मागे जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "आमच्याकडे विकतचा तारा कधी आणला नाही. अम्मा घरीच करायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेल्यावर मी यजमानांना सांगितलं आणि पापनाशमची बस धरली. जाऊन नेमकं काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

व्याह्यांनी दार उघडलं. रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, अबोल गृहस्थ. अंगात बनियन होता, मला बघताच आत जाऊन शर्ट घालून आले. बायको गेल्यापासून घरात एकटेच होते. खुर्ची पुढे करून ते तसेच उभे राहिले आणि चाचरत म्हणाले, "अम्मा, कॉफी... आमच्याकडची चालेल का?"

मला फार लाज वाटली. "जेवायलाच आले आहे," मी म्हटलं. "दोनदा राहून गेलं होतं."

"नुसतं रसम आहे."

"चालेल की."

त्यांनी भात वाढला, रसम वाढलं, दोन अप्पलम पापड तळले. एक करपला, तो त्यांनी आपल्या पानात घेतला. रसमात मीठ कमी होतं, मी ते मागितलं नाही. भिंतीवर विहिणीचा फोटो होता. त्याच्याकडे पाठ होईल अशी मी बसले होते. ते त्यांच्या ध्यानात आलं असावं.

हात धुतल्यावर मी ताऱ्याचं विचारलं. त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी उतरवली. बांबूच्या कामट्यांचा तारा पेटीत मावत नव्हता, तो वेगळा टांगलेला होता. त्याचा कागद फाटला होता आणि एक टोक मोडलं होतं. पेटीत नाताळच्या देखाव्यातल्या मातीच्या लहान मूर्ती होत्या, जुन्या साडीच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या. आई, वडील, तीन मेंढ्या, पाळण्यातलं बाळ.

"मुलगी नको म्हणाली असेल," व्याही म्हणाले.

"सण नको म्हणाली. मी कुठं सण करते आहे? नुसता दारात दिवा लावू."

त्यांनी ताऱ्याचं मोडकं टोक चाचपून पाहिलं. "याला नवी कामटी लागेल. बांधायची कशी ते मला ठाऊक आहे. तिची आई बांधायची तेव्हा मीच धरून बसायचो."

"मग तुम्हीच चला," मी म्हटलं.

बसमध्ये पेटी माझ्या पायाशी होती आणि तारा त्यांच्या मांडीवर. गर्दी वाढली तसा त्यांनी तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि तंजावूर येईपर्यंत खाली घेतला नाही.

घरी यजमानांनी मैद्याची खळ शिजवली. पांढरा कागद कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला. व्याह्यांनी मोडक्या टोकाला नवी कामटी बांधली आणि दोघे म्हातारे ओसरीवर बसून कागद चिकटवायला लागले. दोघांनाही चष्म्यावाचून दिसत नव्हतं, आणि चष्म्यांना खळ लागली होती. मी कोपऱ्यात गवत पसरून येशूच्या जन्माचा गोठा केला आणि मूर्ती मांडायला घेतल्या. गोठ्यात गाय हवी, ती पेटीत नव्हती. कधीतरी फुटली म्हणे. मी आमच्या नवरात्रात मांडायच्या बाहुल्यांची ट्रंक उघडली आणि त्यातली पांढरी गाय आणली. तिच्या कपाळावर कुंकू रंगवलेलं होतं, गळ्यात घंटा होती.

सून सहाला आली. ओसरीवर वडील बसलेले पाहून फाटकातच थांबली.

"अप्पा? जेवलात का?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"जेवलो. तुझ्या अत्तैंबरोबर. आपल्या घरी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी गोठ्यातलं गवत सारखं करत राहिले. ती हेल्मेटसकट खाली बसली, वडिलांच्या हातातला कागद धरला आणि म्हणाली, "असं नाही, कडा आत वळवायची. अम्मा आत वळवायची." मग तिला रडू आलं. कडा वळवता वळवता ती रडत होती. यजमान खळीचं भांडं घेऊन आत निघून गेले. व्याही कागद धरून बसून राहिले.

थोड्या वेळानं ती गोठ्यापाशी आली, गाय उचलून बघितली. "अत्तै, बेथलेहेममध्ये कुंकू लावलेली गाय?"

"पुसू का?"

"नको. राहू दे." तिनं गाय बाळाच्या जागेजवळ ठेवली. बाळ मात्र साडीच्या तुकड्यात पुन्हा गुंडाळून मला परत दिलं. ते नाताळच्या सकाळी ठेवायचं असतं, तोवर जपून ठेवा म्हणाली. मी ते देवघराच्या खणात ठेवलं.

कामावरून आलेल्या माझ्या मुलानं तारा टांगला. दिवा लावल्यावर कळलं की नवी कामटी जराशी लांब झाली आहे, एक टोक पुढे आलं आहे. व्याही म्हणाले, सोडून पुन्हा बांधतो. सुनेनं त्यांना हाताला धरून आत नेलं आणि त्यांचं अंथरूण कुठं घालायचं ते मला विचारायला आली.