वर्धनगडाला पाटाचं पाणी

रविराज भाऊसोंना पहिल्यांदा भेटला तो मोटारसायकलसकट, वर्धनगडाच्या बालेकिल्ल्यावर. विश्रामबागेतल्या त्या गल्लीत वळताना ब्रेक लागला नाही, आणि भाऊसोंनी दिवाळीसाठी फाटकाजवळ रचलेल्या मातीच्या किल्ल्याचे दोन बुरूज नि अर्धी तटबंदी सोबत घेऊन तो तुळशीला जाऊन टेकला. भाऊसो ओरडले. माणूस फौजेतून निवृत्त झाला होता, आवाज अजून ड्यूटीवर होता. मिरज स्टेशनात सुटायला निघालेली गाडी त्या आवाजानं जागच्या जागी थांबली, असं गल्लीत आजही सांगतात. रविराजनं मात्र शांतपणे हेल्मेट काढलं.

"मेजर, बुरूज लय भारी होता."

भाऊसो विरघळले. कितीतरी वर्षांत बुरुजाविषयी कोणी बोललं नव्हतं. पूर्वी गल्लीत घरटी किल्ला असायचा. आता प्लास्टरचा तयार किल्ला बाजारातून रिक्षात बसून येतो, चार दिवस टीव्हीशेजारी काढतो आणि माळ्यावर जातो. भाऊसोंचे गुडघे कुरकुरत होते. आपल्यामागं हातानं चिखल कालवणारं कोणीतरी तरुण हवं, एवढाच त्यांना ध्यास. गल्लीच्या ग्रुपवर त्यांनी आवाहन टाकलं, त्याला भरपूर अंगठे आले. मग फुकट चिवडा ठेवला. पोरं आली, चिवडा संपला, पोरं गेली.

म्हणून रविराजला त्यांनी शिक्षा सुनावली: पाडलास, आता बांध. पोरगा वाळव्याकडच्या ऊसवाल्या घरचा, इथं इंजिनिअरिंगला. संध्याकाळी तो तीन मित्र घेऊन हजर. भाऊसोंचा आनंद मावेना. फक्त ते कोणाला हात लावू देईनात. पोरांनी हात मागं घेऊन ओळीत उभं राहायचं आणि भाऊसोंनी तट कसा वळतो ते सांगायचं. एकानं धीर करून दगड ठेवला, तर भाऊसोंनी तो उचलला, फुंकला आणि तिथंच परत ठेवला. दोन दिवसांत मित्र गळाले. उरला रविराज, तोही मोबाइलमध्ये.

शेवटी भाऊसोंच्या पत्नी मंगलकाकू दारात आल्या. "आवं, पोरं बोलवायची आन् हात बांधून हुबी करायची, ह्यात ती शिकनार काय? तुमी गावाकडं जावा जरा. भावाला भेटून या."

भाऊसो वडूजच्या एसटीत बसले. बसता बसता रविराजला बजावलं, गडावर गवत दिसावं म्हणून हळीव पेरलंय, तेवढं पाणी दे.

घोळ इथं झाला. दुष्काळी वडूजकडचा माणूस पाणी देतो ते बोटं बुडवून, तीर्थ शिंपडल्यासारखं. ऊसवाल्याच्या घरी पाणी देणं म्हणजे मोटार सुरू करून जेवायला जाणं. भाऊसो नाहीत म्हटल्यावर तिघं मित्रही परत आले होते. रविराजनं नळाची पाइप बालेकिल्ल्यावर सोडली आणि सगळे मिसळ खायला गेले.

भाऊसो परतले तेव्हा वर्धनगड गल्लीभर पसरला होता. मावळे उताणे पडले होते, एक घोडा गटारीत होता. चौघं पोरं कोपरापर्यंत चिखलात बसून गड पुन्हा उभा करू बघत होती.

रविराज खाली मान घालून म्हणाला, "मेजर, आमच्यात उगवलं न्हाई की पानी वाढवत्यात."

आवाज गळ्यापर्यंत आला. दारात मंगलकाकू उभ्या होत्या. भाऊसोंनी ते आठ हात पाहिले आणि आवाज गिळला. अशा कामगिरीला फौजेत पदक नाही.

"पातळ झालाय चिखल," ते म्हणाले, "वाईच कोरडी माती घाला." आणि खुर्चीत बसले ते अंधार पडेपर्यंत उठले नाहीत, जरी त्यासाठी खुर्चीचे हात घट्ट धरावे लागले.

गड वाकडा झाला. महाराष्ट्रातल्या कुठल्याच किल्ल्याशी त्याचा संबंध नव्हता. गल्ली बघायला लोटली, आणि हा वर्धनगडच, असं भाऊसो ज्याला त्याला दटावून सांगत होते. पोरांनी पुढच्या वर्षीही करायचं कबूल केलं.

पुढच्या दिवाळीला त्यांनी केलाही. रविराजच्या गावी, उसाच्या कडेला. फोटो पाठवला होता. विश्रामबागेत गडाच्या रिकाम्या जागेवर भाऊसोंनी स्कूटर लावली.