‘थई जशे’ हे लिहून द्या

"बेन, एस्टिमेट जरा आत बसवा ना," विमा कंपनीचे क्लेम मॅनेजर शाहसाहेब म्हणाले.

आम्ही वर्कशॉपमध्ये एका पांढऱ्या गाडीसमोर उभे होतो. डभोई रोडवर नीलगाय आडवी आली आणि गाडी नाल्याच्या कठड्यावर आदळली. चालवणारी मृणाल, बडोद्यात समा भागात राहणारी शाळेतली शिक्षिका, मनगटाच्या फ्रॅक्चरवर सुटली. गाडी तेवढ्यावर सुटली नव्हती.

मी मोटर सर्व्हेअर आहे. नेमणूक विमा कंपनी करते, फीही तीच देते, पण मी तिच्या नोकरीत नाही. लायसन्स माझं, सही माझी. नुकसान किती, हे मी पाहून लिहायचं.

‘आत’ म्हणजे काय ते सांगते. पॉलिसीत गाडीची एक किंमत ठरलेली असते. तिला आयडीव्ही म्हणतात. दुरुस्तीचा खर्च तिच्या पाऊण हिश्शावर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे भंगारात. मग किरकोळ कपात सोडून कंपनीला ती सगळी किंमत मोजावी लागते. खर्च आत राहिला तर फक्त दुरुस्तीचं बिल. आत बसवायची युक्तीही सोपी असते. ‘बदला’ लिहायचं तिथे ‘दुरुस्त करा’ लिहायचं.

इथे प्रश्न चेसिसचा होता, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा. मी पुढचा भाग उघडायला लावला आणि टेप घेऊन खाली शिरले. दोन्ही बाजूंनी तिरकं माप घेतलं. सरळ गाडीत ही दोन मापं सारखी येतात. इथे फरक डोळ्यांनाही दिसत होता. चेसिससकट अख्खी बॉडी शेल बदलायला हवी होती, आणि ती धरली की हिशोब पाऊण हिश्शाच्या पार जात होता.

"बेन, चेसिस तो खेंचाई जाय," वर्कशॉपचे हितेशभाई म्हणाले. "मशीन छे आपणी पासे. थई जशे."

चेसिस मशीनने ओढून सरळ होऊन जाईल, असं त्यांचं म्हणणं. शाहसाहेबांनी मान डोलावली. कंपनीचे पैसे वाचत होते आणि वर्कशॉपला काम मिळत होतं. मला वाटलं होतं, निदान मृणालच्या घरचे तरी माझ्या बाजूने असतील. पण तिचे सासरे, रेल्वेतून निवृत्त झालेले आप्पा, स्कूटरवरून उतरले ते हुकूम सोडतच.

"बाई, गाडी दुरुस्तच करायची. घरातली पहिली गाडी आहे. दसऱ्याला पूजा करून आणलीय. ती भंगारात घालायची आणि वर पैसे बँकेने न्यायचे? मग आम्ही इतके दिवस हप्ते कशासाठी भरले?"

मृणाल हात गळ्यात अडकवून मागे उभी होती. "ताई, या महिन्याचा हप्ता थांबवू का?" तिने हळूच विचारलं.

"अजिबात नाही. गाडी मोडली म्हणून कर्ज मोडत नाही. क्लेमचे पैसे येईपर्यंत हप्ता भरायचाच, नाहीतर दंड लागेल आणि बँकेत तुझंच नाव खराब होईल."

मग मी आप्पांना समजावलं. आरसी बुकात बँकेचा बोजा आहे, म्हणून आधी बँक आपलं उरलेलं कर्ज घेणार आणि शिल्लक तुम्हाला मिळणार. कर्ज आयडीव्हीपेक्षा जास्त असतं, तर वरचे पैसे खिशातून भरावे लागले असते. तुमचं तसं नाही.

"म्हणजे पैसे बँकेला, भंगार कंपनीला. आणि आम्हाला काय?"

"धडधाकट सून. ओढून सरळ केलेल्या गाडीत ती पुन्हा बसणार नाही."

शाहसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "बेन, हितेशभाई एवढं सांगताहेत. सगळे तयार आहेत. अडून फक्त तुम्ही बसलाय."

"मग मीही तयार आहे," मी म्हटलं. "हितेशभाई, तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. हे चेसिस ओढल्यावर गाडी सरळ चालेल, पुन्हा धडक बसली तर एअरबॅग वेळेवर उघडतील. खाली सही करा. शाहसाहेब, शेजारी तुमची. आत्ता एस्टिमेट बदलते."

हितेशभाईंनी खिशातला पेन चाचपला आणि तिथेच ठेवला. "बेन, एवुं लखीने तो केवी रीते अपाय?"

"मग मी कसं देऊ?"

शाहसाहेब म्हणाले, "पुढच्या कामांचाही विचार करा."

"केला," मी म्हटलं आणि त्या दुपारीच रिपोर्ट पाठवला. टोटल लॉस.

दुसरा सर्व्हेअर नेमायची धमकी आली. मी मापांचे फोटो जोडले होते, त्यामुळे ती धमकीच राहिली. क्लेम पास झाला. बँकेने आपलं घेतलं, मृणालने कर्ज फिटल्याची एनओसी घेतली, उरलेली थोडी रक्कम तिच्या खात्यात आली. आप्पा बरेच दिवस माझ्यावर नाराज होते. शाहसाहेबांच्या ऑफिसातून मला कामं येणं बंद झालं. बडोद्यात गाड्या पुष्कळ आणि गाड्या ठोकणारेही पुष्कळ, त्यामुळे माझं फारसं अडलं नाही.

परवा मृणालचा फोन आला. सेकंडहँड गाडी बघायला गेली होती, आप्पा सोबत होते. विकणारा म्हणाला, पुढून थोडंसं काम झालंय, बाकी बधुं सारुं छे.

"मग?"

"आप्पांनी त्याच्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाले, लिहून दे."

"दिलं?"

"कुठलं! आम्ही रिक्षाने घरी आलो."